नगराध्यक्षांचा शब्द आणि नगराचे दप्तर

वऱ्हाडात धामणगाव नावाची गावे एकाहून अधिक आहेत. त्यांपैकी अमरावती जिल्ह्यातील एक गाव आपल्या नावापुढे 'रेल्वे' हे उपपद अभिमानाने मिरविते. १८६७ साली ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीचा लोहमार्ग भुसावळहून नागपुरास पोहोचला आणि वर्धा नदीच्या पश्चिमेस, कापसाच्या मुलखात, स्थानकाभोवती ही पेठ वाढत गेली. वऱ्हाडातील कापसाच्या पेठा बाहेरून आलेल्यांनीच भरल्या. प्रथम मारवाडी आडते आले, त्यांच्यामागून सरकी-गाठींचे कामगार, आणि फाळणीनंतर सिंधी कुटुंबे. त्यातही गंमत अशी की, १८५३ पासून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे असला तरी स्वामित्व निजामाचेच होते, व १९०२ च्या कायमच्या पट्ट्यानंतरही ते नाममात्र का होईना, शिल्लक राहिले. तेव्हा पुलगावाहून नदी ओलांडून धामणगावास उतरणारा हमाल कागदोपत्री ब्रिटिश हिंदुस्थानातून निजामाच्या मुलखात प्रवेश करीत होता! त्याला अर्थात याची वार्ताही नसे.

अशा गावच्या नगराध्यक्षाने उद्या भर सभेत सांगितले की, 'आपल्या गावात इतके परदेशी घुसले आहेत', तर नागरिकांनी त्या वाक्याचे काय करावे? टाळ्या वाजवाव्यात की निषेधाची सभा भरवावी? दोन्ही गोष्टी सोप्या आहेत. त्यांहून अवघड, आणि म्हणूनच क्वचित घडणारी गोष्ट म्हणजे त्या वाक्याचा हिशेब मागणे.

हा प्रश्न हवेतला नव्हे. जानेवारी २०२५ मध्ये माजी खासदार किरीट सोमय्या यांनी जाहीर आरोप केला की, मालेगाव, अमरावती, अकोला येथे बांगलादेशी व रोहिंग्या लोकांनी उशिराच्या जन्मनोंदींचे दाखले मिळविले आहेत. अंजनगाव सुर्जीचे नाव वृत्तपत्रांत गाजले. शासनाने त्याच महिन्यात विशेष तपास पथक नेमले, असे दाखले देणे थांबविले, आणि मार्चमध्ये नवी, अधिक कडक कार्यपद्धती लागू केली. चौकशी व्हावयास हवीच होती. खोटे कागद जोडून दाखला मिळविणे हा गुन्हाच आहे. पण येथे दोन निराळ्या गोष्टी एकमेकींत मिसळल्या जातात. अर्जासोबत खोटा कागद जोडणारा मनुष्य दोषी असेल. तेवढ्यावरून तो परदेशी ठरत नाही. आणि ज्याच्यापाशी कागदच नाही, तो तर दोषीही नव्हे. वऱ्हाडातील किती वृद्ध स्त्रिया घरी, सुइणीच्या हाती जन्मल्या! कोतवालाच्या नोंदवहीत 'मुलगी' एवढेच लिहिलेले, नावाचा पत्ता नाही. कोठे ती वहीच वाळवीने खाल्लेली. दाखले थांबले की अशा म्हातारीचाही अर्ज त्याच ढिगाऱ्यात पडून राहतो. व्यासपीठावरून उच्चारलेल्या आकड्याचे ओझे शेवटी असे भलत्याच खांद्यावर येते.

आता नगराध्यक्षाचा अधिकार पाहावा. नागरिकत्व आणि परकीयांचा प्रवेश व निष्कासन हे विषय संविधानाने संघसूचीत घातले आहेत. १९४६ च्या परकीय नागरिक कायद्याची जागा १ सप्टेंबर २०२५ पासून नव्या कायद्याने घेतली, तरी सत्ता केंद्राचीच राहिली. संविधानाच्या बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांसाठी अठरा विषय आहेत. त्यांत नागरिकत्व कोठेही नाही. परंतु सोळावा विषय आहे जन्म-मृत्यूंची नोंदणी! म्हणजे कोण परका हे ठरविण्याचा अधिकार नगरपरिषदेस नाही, पण ज्या वहीवरून वाद पेटतो ती वही मात्र तिच्याच कपाटात आहे. त्यातही, एक वर्षाहून जुनी नोंद दंडाधिकाऱ्याच्या आदेशाविना होत नाही. २०२३ च्या दुरुस्तीपूर्वी हा आदेश न्यायदंडाधिकारी देत. नंतर तो महसुली अधिकाऱ्यांकडे आला. म्हणून 'नगरपरिषदेने दाखले वाटले' असे म्हणणारा आणि 'आमचा काही संबंध नाही' असे म्हणणारा, दोघेही अर्धेच बोलतात.

दूरचे एक उदाहरण येथे उपयोगी पडेल. अमेरिकेतील ओहायो राज्यात स्प्रिंगफील्ड नावाचे लहानसे शहर आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये तेथे आलेले हैती देशाचे लोक शेजाऱ्यांची पाळीव जनावरे मारून खातात, अशी आवई उठली आणि अध्यक्षपदाच्या निवडणुकीत ती थेट व्यासपीठावर चढली. बाँबच्या धमक्यांनी शाळा रिकाम्या कराव्या लागल्या. नगरप्रमुख रॉब रू हे आवई पसरविणाऱ्यांच्याच पक्षाचे. तरी असा विश्वसनीय पुरावा नगराच्या दप्तरी नाही, हे त्यांनी स्पष्ट सांगितले. त्याच वेळी इतक्या लोकांच्या आगमनाने दवाखान्यांवर व शाळांवर ताण पडला आहे, हेही त्यांनी लपविले नाही. दुसरी गोष्ट पहिलीइतकीच महत्त्वाची आहे, कारण अडचण नाकारणाऱ्या अधिकाऱ्यावर पुढे कोणी विश्वास ठेवीत नाही.

कोणी म्हणेल, नगराध्यक्षासही भाषणस्वातंत्र्य आहे. आहेच. ३ जानेवारी २०२३ रोजी 'कौशल किशोर' प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या बहुमताने ठरविले की, मंत्र्याचे प्रत्येक वाक्य सरकारचे मानता येणार नाही. मात्र त्या वाक्यापायी अधिकाऱ्यांकडून कृती किंवा हयगय होऊन कोणाचे नुकसान झाले, तर दाद मागता येईल. न्यायमूर्ती नागरत्ना यांचे वेगळे मत याहून कठोर होते: पदाच्या नात्याने केलेले, सरकारची भूमिका सांगणारे विधान सरकारचेच धरावे. निकाल मंत्र्यांविषयी असला तरी त्यातील कसोटी नगराध्यक्षासही लावून पाहण्याजोगी आहे. ते वाक्य चहाच्या टपरीवर उच्चारले की परिषदेच्या सभागृहात? त्यानंतर कोणाची हातगाडी उचलली गेली? फेरीवाल्यांसाठी २०१४ चा स्वतंत्र कायदा आहे. त्यातील नोटिशीवाचून गाडी उचलली असेल, तर केवळ भाषणाचा प्रश्न उरत नाही. १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमात गैरवर्तनासाठी अध्यक्षास दूर करण्याची तरतूद आहे, पण ती शासनाच्या हाती. आणि शासन बहुधा पक्षाकडे पाहून हलते, हे सांगावयास नकोच.

नागरिकाच्या हाती जे आहे ते त्यामानाने साधे आहे. माहितीच्या अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो व तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. मात्र 'अध्यक्ष असे का बोलले?' हे विचारून उपयोग नाही. कारण अभिप्रायाची नोंद दप्तरात नसते. विचारावे ते असे: वर्षभरानंतरच्या जन्मनोंदी गेल्या पाच वर्षांत किती झाल्या, कोणत्या आदेशान्वये झाल्या, त्यांतील किती रद्द झाल्या आणि रद्द करण्याचे कारण काय लिहिले आहे? अध्यक्षांनी सांगितलेला आकडा कोणत्या पत्रात वा अहवालात आहे, त्याची प्रत मिळावी. अर्जदारांची नावे मात्र मागू नयेत. त्यांचे खाजगीपण त्या म्हातारीचेही खाजगीपण आहे. उत्तर 'अशी नोंद उपलब्ध नाही' असे आले, तर तो कागद घेऊन पुढील सभेस, नगरसेवकाच्या मुखाने, तो वाचून दाखवावा, आणि अध्यक्षांचे उत्तर इतिवृत्तात लिहिले गेले की नाही हे पुढच्या महिन्यात पुन्हा जाऊन पाहावे.