साठ डॉलरांची शाळा



मुलीला पुढे शिकवायचे म्हटले की घरात पहिला प्रश्न निघतो तो खर्चाचा. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात माउंट होलिओक नावाचे मुलींचे कॉलेज आहे. ते निघाले तेच या प्रश्नाचे उत्तर म्हणून. त्याची हकिगत आज मी आपणांपुढे ठेवणार आहे.

ते काढले मेरी लायन या शेतकऱ्याच्या मुलीने. वडील लहानपणीच वारले. सतराव्या वर्षी, १८१४ साली, त्या शिक्षिका झाल्या. पगार आठवड्याला पाऊण डॉलर आणि जेवणखाण. त्या काळी मुलींच्या शाळा बहुधा एखाद्या व्यक्तीच्या भरवशावर चालत. ती व्यक्ती गेली की शाळाही बंद पडे. लायनबाईंनी ठरवले, आपली शाळा विश्वस्तांच्या हाती असावी आणि समाजाच्या पैशातून उभी राहावी. १८३४ पासून हिरव्या मखमलीची पिशवी घेऊन त्या गावोगाव फिरल्या. कोणी हजार डॉलर दिले, कोणी सहा सेंट. ८ नोव्हेंबर १८३७ रोजी साउथ हॅडली गावी ८० मुलींनिशी शाळा उघडली. इमारतीचे काम तेव्हा पुरेही झाले नव्हते.

राहणे-जेवण धरून फी वर्षाला फक्त ६० डॉलर! हे कसे जमले? स्वयंपाक, धुणे, झाडलोट सर्व मुलींनी वाटून घ्यायची. बाईंनी स्वतःचा पगार वर्षाला २०० डॉलरच ठेवला. प्रवेशपरीक्षा मात्र कडक होती, आणि गणित व विज्ञान सर्वांना सक्तीचे. फी उतरवली, दर्जा उतरवला नाही.

लायनबाई १८४९ साली वारल्या. शाळा चालूच राहिली. १८८८ मध्ये तिला कॉलेजची सनद मिळाली. १८९६ मध्ये मुख्य इमारत आगीत जळाली, तीही धक्का पचवून कॉलेज पुन्हा उभे राहिले. मिळतील ती कामे करून येथे शिकलेली एक मुलगी १९२९ साली पदवीधर झाली. त्याच पुढे डॉ. व्हर्जिनिया अ‍ॅपगार. नवजात बाळाची प्रकृती जन्मताच तपासण्याची त्यांची १९५२ ची गुणपद्धती आज आपल्या प्रसूतिगृहांतही वापरतात.

पालकहो, आपली वर्गणी लहान आहे म्हणून संकोचू नका. सहा सेंटांनीही तेथे वीट बसली. आणि मुलींनो, सवलत खर्चात जरूर मागा, अभ्यासात मागू नका.