नदीचे पाणी आणि आकड्यांची साक्ष

प्रयागराज येथे २०२५ साली भरलेल्या कुंभमेळ्यात स्नानाच्या पाण्याविषयी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे दोन अहवाल राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापुढे आले. विष्ठाजन्य जंतूंच्या बाबतीत पाणी अनेक प्रसंगी स्नानाच्या मानकास उतरले नाही, असे ३ फेब्रुवारीचा अहवाल सांगत होता. २८ फेब्रुवारीच्या अहवालात मात्र तेच पाणी स्नानयोग्य ठरले. सामान्य माणसाने यांपैकी खरे कोणते मानावे?

याचे उत्तर मोजणीच्या रीतीतच सापडते. १०० मिलिलिटर पाण्यात हे जंतू २,५०० पेक्षा अधिक नसावेत, अशी मर्यादा आहे. परंतु रूढ पद्धतीत जंतू एकेक करून मोजीत नाहीत. पाण्याचे लहानमोठे अंश पोषक द्रवाच्या नळ्यांत घालतात, किती नळ्यांत जंतूंची वाढ झाली ते पाहतात आणि कोष्टकावरून सर्वाधिक संभाव्य संख्या काढतात. पंधरा नळ्यांच्या परीक्षेत कोष्टक २४० हा आकडा देते, तेव्हा शेकडा ९५ भरवशाने एवढेच म्हणता येते, की खरी संख्या सुमारे ७० ते ७१० यांच्या दरम्यान आहे. शिवाय नमुना काठचा की मध्यप्रवाहातला, पर्वणीच्या सकाळचा की एरवीचा, बर्फात ठेवून वेळेत पोहोचविलेला की उन्हात राहिलेला, यांवरही आकडा हलतो. म्हणूनच चोख प्रयोगशाळा एकाच ठिकाणचे दोन नमुने घेते आणि निर्जंतुक पाण्याचीही तीच परीक्षा करते. पहिल्या उपायाने मोजणीतील चढउतार कळतो; दुसऱ्याने बाहेरून शिरलेला दोष उघड होतो.

दुसऱ्या अहवालाने नमुन्यानमुन्यांतील तफावत लक्षात घेऊन मध्यांक काढला. तो १,४०० आला. गणित म्हणून ही रीत मान्य आहे. परंतु मध्यांकाचा अर्थ एवढाच, की निम्मे नमुने त्याच्या खाली होते आणि निम्मे वर. वरचे किती वर होते, हे तो सांगत नाही. आणि स्नानास आलेला यात्रेकरू मध्यांकात बुडी मारीत नाही, त्या दिवसाच्या, त्या घाटाच्या पाण्यात मारतो. पहिला अहवाल अशा प्रसंगांविषयी बोलत होता, दुसरा सबंध काळाविषयी.

तेव्हा आकडा प्रसिद्ध करावयाचा तो स्थळ, वेळ आणि संभाव्य चुकीची मर्यादा यांसह करावा. मध्यांकाशेजारी सर्वांत वाईट दिवसाचा आकडाही मांडावा. घाटावर उभ्या असलेल्या माणसाला पाणी तपासण्याचे साधन नसते. त्याच्या वतीने ते तपासणाऱ्यांनी आपल्याला किती कळले आणि किती कळले नाही, हे दोन्ही त्याला सांगणे, हा त्याचा अधिकारच आहे.