पोरं पास होऊन जातात, केस कुणाची? : ऑर्थोडोंटिक्स शिकवणाऱ्यांच्या शिकण्याबद्दल

या भागात आहे निफाडला झालेलं एक व्याख्यान. समोर तालुक्यातले डेंटिस्ट आणि डेंटल कॉलेजांमधले तरुण शिक्षक बसले होते. बोलणारे सर गेली एकोणीस वर्षं ऑर्थोडोंटिक्स, म्हणजे वेडेवाकडे दात आणि जबडे जागेवर आणण्याचं शास्त्र, शिकवतात. ऐकण्यापेक्षा वाचणं ज्यांना सोयीचं वाटतं, त्यांच्यासाठी हा मजकूर. बोलण्यातली पुनरुक्ती तेवढी काढली आहे.

—

नमस्कार. निफाडच्या थंडीत सकाळी साडेनऊला एवढी माणसं जमली, हेच मोठं. आयोजकांनी मला विषय दिला होता, ‘शिक्षकाची व्यावसायिक वाढ’. हे शब्द ऐकले की मला बढतीचा फॉर्म आठवतो. किती पेपर छापले, किती कॉन्फरन्स केल्या, किती सीडीई पॉइंट्स झाले. त्याबद्दल मी बोलणार नाही. ते फॉर्म भरायला तुम्हाला माझी गरज नाही.

मी एका मुलीच्या दातांबद्दल बोलणार आहे.

ती याच तालुक्यातली. वडिलांची द्राक्षबाग. तेरा वर्षांची असताना आमच्या कॉलेजात आली. वरचे दात पुढे, खाली गर्दी. चार दाढा, म्हणजे उपदाढा, काढून तारा बसवायच्या ठरल्या. नेहमीची केस. एका पीजी विद्यार्थ्याला दिली. गाईड मी.

आता आमच्याकडचं गणित बघा. एमडीएस तीन वर्षांचं. पहिल्या वर्षी विद्यार्थी तारा वाकवायला शिकतो, टायपोडॉन्टवर काम करतो, त्यामुळे त्याच्या केसेस सुरू व्हायला उशीर होतो. दाढा काढलेली केस संपायला दोन वर्षं सहज लागतात, कधी जास्त. म्हणजे केस अर्धी असतानाच पोरगा पास होऊन जातो. मग ती केस पुढच्याकडे. याला आपण ‘ट्रान्सफर केस’ म्हणतो. शब्द इतका सरावाचा झालाय, की त्यात काही गैर आहे असं वाटतच नाही.

त्या मुलीची केस तीन हातांतून गेली. दुसऱ्या विद्यार्थ्याला पहिल्यानं लावलेल्या ब्रॅकेट्सच्या जागा पटल्या नाहीत. त्यानं काही काढून पुन्हा चिकटवल्या आणि बारीक तारेपासून परत सुरुवात केली. त्यात सात-आठ महिने गेले. मध्येच तिची दहावी आली, चार महिने ती फिरकली नाही. आली तेव्हा बंद झालेल्या फटी पुन्हा उघडल्या होत्या. केसपेपरवर दर महिन्याला एक ओळ आणि त्याखाली माझी सही. सही करताना मी तोंडात बघायचो. दात बऱ्यापैकी सरळ दिसायचे. पुढे चला.

तिसरी विद्यार्थिनी आली. तिनं केस हातात घेतली आणि मला विचारलं, ‘सर, हिचा शेवटचा ओपीजी कधीचा?’ मी म्हटलं, फाईलमध्ये असेल. फाईलमध्ये एकच होता. उपचार सुरू करण्याआधीचा. चार वर्षांपूर्वीचा.

नवीन काढला. वरच्या पुढच्या चारही दातांची मुळं आखूड झालेली होती. साधारण एक तृतीयांश मूळ विरघळलेलं.

समोर काही पालकही आहेत, म्हणून थोडं सांगतो. दात सरकवताना मुळाचं टोक थोडंफार झिजणं हे बहुतेकांच्या बाबतीत होतं, त्यानं बिघडत नाही. काही जणांत ते जास्त होतं. उपचार लांबला, दात पुढे-मागे, पुढे-मागे फिरवले, तर धोका वाढतो. दुखत नाही, बाहेरून दिसत नाही. एक्स-रे काढला तरच कळतं. म्हणून सुरू केल्यावर सहा महिने ते वर्षभरात एकदा बघायचं असतं. दिसलं तर जोर थांबवायचा, दोन-तीन महिने दातांना विश्रांती द्यायची, मग ठरवायचं. गेलेलं मूळ परत येत नाही. पण जोर थांबला की झीज सहसा थांबते.

आम्ही थांबलो. नंतर जेवढं गरजेचं तेवढंच केलं, तारा काढल्या, मागून रिटेनर लावला. आज ते दात टिकून आहेत. पण तिच्या वडिलांना बोलावून हे सांगावं लागलं. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, ‘डॉक्टर, तुमच्या पोरांचा कोर्स तीन वर्षांचा, ते मला समजलं. पण माझ्या पोरीचे दात कुणाकडे होते?’

मला उत्तर देता आलं नाही.

त्या विद्यार्थिनीला कसं कळलं?

नंतर मी तिला विचारलं, तुला ओपीजी विचारायचं सुचलं कसं? ती म्हणाली, ‘सर, पीजी कन्व्हेन्शनला एक सेशन होतं याच्यावर.’ इंडियन ऑर्थोडोंटिक सोसायटीचं पीजी विद्यार्थ्यांचं अधिवेशन असतं, तिथे. मी तिच्या रजेच्या अर्जावर सही केली होती, आणि वर ‘केसेस कोण बघणार?’ असं कुरकुरलोही होतो.

मी स्वतः त्या आधीची सहा वर्षं कुठेच गेलो नव्हतो. कारणं खरी होती. ओपीडी, इन्स्पेक्शन, परीक्षा, घरी आईचं आजारपण. कॉन्फरन्सचा खर्च बऱ्याचदा खिशातून. पण खरं सांगू? मला वाटत होतं की मला येतं. मुळं झिजतात हे मी दर वर्षी लेक्चरमध्ये सांगत होतो, परीक्षेत प्रश्न काढत होतो. माहिती होती. पण आपण जे सांगतो ते आपल्याच ओपीडीत होतंय का, हे विचारणारं माझ्या बरोबरीचं कुणी उरलं नव्हतं. विद्यार्थी विचारत नाहीत, ते घाबरतात. पेशंट विचारत नाहीत, ते विश्वास ठेवतात. शिक्षक एकटा पडला की त्याचं ज्ञान जुनं होतं ते नंतर. आधी त्याची स्वतःला तपासायची सवय मोडते.

संस्था कशासाठी?

आपण निफाडात बसलोय. न्यायमूर्ती रानडे यांचा जन्म इथला, १८ जानेवारी १८४२. तेही आधी शिक्षकच, एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवायचे. १८७१ मध्ये न्यायाधीश म्हणून पुण्यात गेले. नोकरी सांभाळून त्या माणसानं काय केलं? सार्वजनिक सभेला हात दिला, तिच्या त्रैमासिकासाठी लिहिलं, १८७५ मध्ये वसंत व्याख्यानमाला उभी करण्यात पुढाकार घेतला, १८७८ मध्ये मराठी ग्रंथकारांना एकत्र बोलावलं. एकट्यानं वाचून शहाणं होता येतं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? तरी ते सारखे माणसांना एका खोलीत आणत राहिले. कारण चार जणांसमोर विचार मांडला की त्यातलं कच्चं काय ते दिसतं.

आपल्या विषयाचंही तसंच. एडवर्ड अँगल यांनी १९०० साली अमेरिकेत सेंट लुईसला ऑर्थोडोंटिक्सची वेगळी शाळा काढली आणि त्याच सुमारास व्यावसायिकांची संघटनाही उभी राहिली. शाळा आणि संघटना जुळ्या बहिणींसारख्या आल्या. १९२९ मध्ये तिथे अमेरिकन बोर्ड ऑफ ऑर्थोडोंटिक्स सुरू झालं, दंतवैद्यकातलं पहिलं स्पेशालिटी बोर्ड. आपल्याकडे इंडियन ऑर्थोडोंटिक सोसायटी १९६५ ची. मुंबईतल्या मोजक्या मंडळींनी सुरू केलेली. पुढे आपलंही बोर्ड आलं, इंडियन बोर्ड ऑफ ऑर्थोडोंटिक्स. तिथे तुम्ही स्वतः केलेल्या केसेस पूर्ण नोंदींसह मांडायच्या असतात. एमडीएस झाल्यावर पुन्हा परीक्षा कशाला, असं मीही म्हणायचो. आता वाटतं, नोंदी मागणारी कुठलीही जागा शिक्षकाला औषधासारखी आहे. मला नोंदी मागणारं कुणी असतं, तर फाईलमध्ये एकच ओपीजी राहिला नसता.

शिवारफेरी

त्या मुलीच्या वडिलांनी मला आणखी एक गोष्ट शिकवली. एकदा ते म्हणाले, ‘तुमच्या कॉन्फरन्सला काय दाखवता?’ मी म्हटलं, चांगल्या झालेल्या केसेस. ते हसले. ‘आमच्याकडं शिवारफेरी असते. दुसऱ्याच्या बागेत जातो तेव्हा चांगला घड कुणी बघत नाही. डावणी कुठं आली, कधी फवारलं, काय चुकलं, ते बघायला जातो.’

मी खूप विचार केला त्यावर. आपल्या पडद्यावर ‘आधी’ आणि ‘नंतर’ असे दोन फोटो येतात. मधली चार वर्षं कुणी दाखवत नाही.

मग मी ही केस आमच्या एका छोट्या स्टडी ग्रुपमध्ये मांडली. अकरा माणसं होती. सहकारी म्हणाले, ‘सर, कशाला?’ मुलीचं नाव, चेहरा काही नव्हतं, तिची आणि घरच्यांची परवानगी घेतली होती. एक्स-रे लावले आणि सांगितलं, गाईड मी होतो. खोलीत शांतता. मग एक ज्येष्ठ बाई म्हणाल्या, ‘अशा दोन माझ्याकडे आहेत.’ त्यानंतर दीड तास चर्चा चालली. इतक्या वर्षांत मी ऐकलेली सगळ्यात कामाची चर्चा.

त्यातून एक पानी कागद तयार झाला. केस हस्तांतराचा. निदान काय होतं, ठरलं काय होतं, झालं किती, उरलं काय, शेवटचा एक्स-रे कधीचा, पुढचा कधी. जुना आणि नवा विद्यार्थी दोघांनी पेशंटला समोर बसवून तो भरायचा. जुना जाऊन नवा आला, असं नाही चालणार. आणि सगळ्यात वर एक रकाना, जबाबदार शिक्षकाचं नाव. विद्यार्थी बदलतील, ते नाव बदलणार नाही. त्या वडिलांच्या प्रश्नाचं उत्तर आता आमच्या केसपेपरवर छापलेलं आहे.

मग करायचं काय?

तरुण शिक्षकांनो, चार साध्या गोष्टी सांगतो.

एक. महिन्यातून एकदा पाच-सहा जणांनी भेटा. वेगवेगळ्या कॉलेजांचे असाल तर उत्तम. नाशिक, संगमनेर, जळगाव, धुळे, कुठलेही. प्रत्येकानं एक अडकलेली केस आणायची. झालेली आणायची नाही.

दोन. संघटनेत जाल तर व्यासपीठावरून सुरुवात करू नका. नोंदणीच्या टेबलावर बसा, विद्यार्थ्यांचे पेपर तपासा, जर्नलसाठी परीक्षण करा. दुसऱ्याचा शोधनिबंध नीट वाचून ‘हे इथे पटत नाही’ असं लिहिणं, यासारखी दुसरी शिकवणी नाही. आणि पैसे घेऊन आठ दिवसांत छापून देणाऱ्यांपासून लांब राहा. बढतीच्या घाईत तिथे गेलेलं नाव पुसता येत नाही.

तीन. शिकवायला शिका. आपल्याला तारा वाकवायला शिकवलं, शिकवायचं कसं ते कुणी शिकवलं नाही. आरोग्य विज्ञान विद्यापीठ तर आपल्या नाशिकलाच आहे, १९९८ पासून. शिक्षकांच्या कार्यशाळा होतात. तिथे सर्टिफिकेटसाठी जाऊ नका. विद्यार्थ्याला न दुखावता चूक कशी दाखवायची, आणि त्यानं आपली चूक दाखवावी अशी जागा कशी ठेवायची, हे शिकायला जा. माझ्या त्या विद्यार्थिनीनं विचारलं नसतं तर? ती विचारू शकली हे माझं कर्तृत्व नव्हतं, तिचं धाडस होतं. ते धाडसावर सोडायचं नाही.

चार. गावात या. इथले डेंटिस्ट बसलेत. मूल सात वर्षांचं झालं की एकदा ऑर्थोडोंटिस्टला दाखवावं, हे त्यांनी सांगायला हवं आणि आपण त्यांना भेटायला हवं. सगळ्याच मुलांना तारा लागत नाहीत. पण लागणार असतील तर कधी, हे आधी कळतं.

आता विभागप्रमुखांना एक विनंती. लहान मुलं असलेल्या शिक्षिका तीन दिवसांच्या कॉन्फरन्सला जाऊ शकत नाहीत. मग वर्षानुवर्षं तीच दोन-तीन माणसं जातात. पाळी लावा. जाणाऱ्यानं परत येऊन अर्धा तास सगळ्यांना सांगायचं, हा नियम करा. आणि विद्यार्थ्याच्या रजेच्या अर्जावर सही करताना कुरकुरू नका. मी कुरकुरलो होतो, म्हणून सांगतो.

ती मुलगी आता कॉलेजात आहे. वर्षातून एकदा तपासायला येते. मागच्या वेळी वडील सोबत होते, द्राक्षांची पेटी घेऊन. मी म्हटलं, अहो, हे कशाला? म्हणाले, ‘राहू द्या. तुम्ही लपवलं नाही ना.’

ती पेटी घेताना मला फार संकोच वाटला. अजून वाटतो. तो वाटत राहावा, एवढ्यासाठीच मी ही केस जिथे बोलावतील तिथे सांगतो.

धन्यवाद.

—

व्याख्यानानंतर एका तरुण शिक्षिकेनं विचारलं, ‘सर, आमच्या कॉलेजात अशी चूक मांडली तर नोकरी जाईल अशी भीती वाटते.’ सरांचं उत्तर होतं, ‘भीती खरी आहे. म्हणून सुरुवात तुमच्यापासून नको. तुमच्या प्रमुखांना माझी केस दाखवा. आधी आमच्यासारख्या म्हाताऱ्यांनी मांडायची, मग तुम्ही.’

तुम्हीही शिकवत असाल, विषय कुठलाही असो, तर हा भाग तुमच्या विभागात जरूर ऐकवा. भेटू पुढच्या भागात.