गव्हाणीपुढची पाहुणी

(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला सांगितलं होतं की, "तू सॉफ्टवेअरमध्ये आहेस, तेव्हा संगणकावर काहीतरी बोल." मी हो म्हटलं होतं. पण इथे येऊन जुन्या बाकावर बसले आणि वाटलं, संगणकाबद्दल तुमची मुलं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त सांगतील. मी आज एक चूक सांगणार आहे. ती आपल्या पैठणात घडली, माझ्याच घरात, आणि तिच्यात एक मोबाईल आहे, म्हणजे विषय अगदीच सोडला असंही नाही.

तुम्हाला ठाऊक आहे, आपल्या वर्गात ख्रिस्ती घरातली मी एकटीच. शाळेत पसायदान मला तुमच्याइतकंच पाठ होतं. नाताळात आमच्या घरी करंज्या नि चकल्या खायला तुम्ही यायचात आणि नाथषष्ठीला मी तुमच्या घरी. एका मैत्रिणीची आजी आम्हाला काल्याच्या दिवशी नाथांच्या वाड्याकडे घेऊन जायची. गोदावरीच्या तापलेल्या वाळूत रडणारं एक लेकरू, ज्याला कुणी शिवेना, ते नाथांनी कडेवर घेतलं, ही गोष्ट मला त्या आजीनं सांगितली. सांगताना तिनं मला कधी विचारलं नाही की, तू आमची की त्यांची. घरी येऊन मी ती अण्णांना सांगितली. अण्णा थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "ही गोष्ट येशूनंही सांगितली असती."

आता मूळ गोष्ट. तीन वर्षांपूर्वी मी नाताळासाठी पैठणला आले होते. अण्णांनी वरची खोली भाड्यानं दिली होती. भाडेकरू राजमहेंद्रीकडचे, तेलुगू. नवरा एका कंत्राटदाराकडे पाइपलाइनच्या कामावर. सुट्टीत बायको आणि सहा वर्षांची मुलगी त्याच्याकडे आल्या होत्या. मुलीला घरात चिन्नी म्हणत. तेलुगूत चिन्नी म्हणजे छोटी. बायकोला कामापुरतं हिंदी येई, चिन्नीला मात्र तेलुगूशिवाय अक्षरही नाही. पहिल्या दिवशी ती जिन्यात बसून माझ्याकडे बघत होती. मी नदीकडे बोट दाखवून "गोदावरी" म्हटलं. तिचे डोळे मोठे झाले. "गोदारी!" ती म्हणाली. तिच्या गावची नदी इथेही आहे, याचं तिला केवढं नवल! आमची ओळख त्या एका शब्दावर झाली.

ती रोज खाली येऊ लागली. अण्णा दरवर्षी गव्हाण मांडतात, तुम्ही पाहिलेली आहे. खाली कडबा, मातीची भिंत, आणि पोळ्याला घेतलेले दोन मातीचे बैल. बेथलेहेमात पोळ्याचे बैल कसे, असं मी लहानपणी विचारायची, अण्णा म्हणायचे, "येशू पैठणला जन्मला असता तर हेच बैल असते की." चिन्नी त्या गव्हाणीपुढून हलेना. मेंढ्यांना "गोर्रे" म्हणे, एकेक उचलून पुन्हा ठेवी.

मला वाटलं, हिला नाताळची गोष्ट सांगितली पाहिजे. हे वाटणं खोटं नव्हतं. जे आपल्याला सगळ्यात मोलाचं वाटतं, ते समोरच्या लेकराला द्यावंसं वाटतंच. पण माझ्यात एक इंजिनिअरही आहे, आणि इंजिनिअरला अडचण दिसली की आधी साधन दिसतं, माणूस नंतर. मोबाईलवर भाषांतराचं अ‍ॅप उघडलं. मी मराठीत वाक्य बोलायचं, मोबाईलनं ते तेलुगूत म्हणायचं. पहिली दोन वाक्यं ऐकून चिन्नी मोबाईलच्या मागे कोण बसलंय ते बघायला लागली. मी मग सोपं सोडून थेट अवघडात शिरले: देव माणूस झाला, जगाचं पाप घेण्यासाठी आला. मोबाईल ते मोठ्यानं तेलुगूत म्हणत होता.

दारात तिची आई उभी होती.

घरात आपण सोडून कुणीही तेलुगू बोलत नाही, आणि खालून अनोळखी आवाजात तेलुगू येतंय, म्हणून ती घाईनं उतरली होती. तिनं काय ऐकलं असेल याची कल्पना करा. परक्या गावात, घरमालकाची मुलगी आपल्या सहा वर्षांच्या पोरीला, आपल्याला न विचारता, देव आणि पाप यांबद्दल काही सांगते आहे. तिनं विचारलं, "ये क्या सिखा रहे?" आवाज चढलेला नव्हता. तो चढला असता तर बरं झालं असतं. मी म्हटलं, "कुछ नहीं, बस कहानी है।"

मित्रांनो, ते "कुछ नहीं" मला अजून बोचतं. कारण ती माझ्यासाठी नुसती कहानी नव्हती. ज्या गोष्टीवर माझं आयुष्य उभं आहे, तिला मी भीतीपोटी "काही नाही" म्हटलं. आणि त्याआधी आईला विचारलं नाही, हेही भीतीपोटीच. ती नको म्हणेल ही भीती. एकाच दुपारी मी दोन्हीकडून चुकले. हल्ली आपल्याकडे अशा गोष्टींवर संशय लगेच येतो, आणि मनात येतं की लोकच वाईट. पण त्या दिवशी संशयाला जागा मी स्वतः करून दिली होती.

आम्ही तिघं गप्प उभे होतो. चिन्नीला आमच्याशी काही देणंघेणं नव्हतं. तिनं डोक्यावरची लोकरीची टोपी काढली, कडब्यावरच्या उघड्या बाळावर घातली आणि हळूच म्हणाली, "पापम्... चलि."

अण्णांना कमी ऐकू येतं, पण हे बरोबर ऐकू आलं. ते खुर्चीतून उठलेच. "ऐकलंस? पाप चाललं म्हणते लेकरू! सगळं समजलं की तिला!"

आणि चिन्नीची आई हसू लागली. हसत हसत तिनं समजावलं. तेलुगूत एखाद्याची दया आली की "पापम्" म्हणतात, म्हणजे "बिचारं". "चलि" म्हणजे थंडी. लेकरू एवढंच म्हणालं होतं: बिचारं, थंडी वाजतेय त्याला.

आपल्या नि त्यांच्या भाषेत शब्द एकाच संस्कृत मुळातून आलेला. तेलुगूत त्याला पापाचा अर्थ आहेच, शिवाय हा कळवळ्याचाही. आम्ही त्यातला फक्त दोष ऐकला, तिनं कळवळा बोलून दाखवला. मी मोबाईल हातात धरून जे सांगू पाहत होते, त्यातलं निम्मं तिनं टोपी काढून करून दाखवलं होतं.

मग अण्णांनी हात जोडले आणि त्यांच्या मोडक्या हिंदीत म्हणाले की, आधी तुम्हाला विचारायला हवं होतं, आमचं चुकलं. मीही म्हटलं. आणि या वेळी खरं सांगितलं, की ही आमच्या श्रद्धेची गोष्ट आहे, नाताळ याच्यासाठीच असतो. तुम्ही नको म्हणालात तर सांगणार नाही. ती जरा वेळ मुलीकडे बघत राहिली. मग पायरीवर बसली आणि म्हणाली, "आप बोलो। मैं तेलुगू में बोलूंगी।"

अशी ती गोष्ट सांगून झाली. मी तोडक्या हिंदीत एक वाक्य बोलायची, ती तेलुगूत सांगायची. "उतारशाळेत त्यांना जागा मिळाली नाही" एवढंच मी म्हटलं, तर ती कितीतरी वेळ बोलत राहिली. मी विचारलं, एवढं काय सांगितलंत? ती म्हणाली, आम्ही आलो तेव्हा इथे खोली शोधत किती हिंडलो, ते तिला आठवण करून दिलं. ही गोष्ट मी चाळीस वर्षं ऐकतेय. ते वाक्य मला त्या दिवशी पहिल्यांदा ऐकू आलं.

संध्याकाळी ती पुन्हा खाली आली, जरा संकोचून. टोपी परत हवी होती. चिन्नीला खोकला झाला होता. अण्णांनी टोपी दिली आणि बाळाला आपल्या मफलरचं टोक पांघरलं.

दुसऱ्या दिवशी त्यांना नाथांच्या समाधीला जायचं होतं. "आप साथ चलो, कहानी बोलो," ती मला म्हणाली. घाटावर बसून मी तिला वाळूतल्या लेकराची गोष्ट सांगितली, आमच्या त्या आजीनं सांगितली होती तशीच, आणि तिनं ती चिन्नीला तेलुगूत सांगितली. एका ख्रिस्ती बाईनं नाथांची गोष्ट एका आंध्रच्या पोरीला सांगावी, याचं पैठणला नवल वाटायचं कारण नाही. हे सातवाहनांचं प्रतिष्ठान. त्या राजांना पुराणं आंध्र म्हणतात. 1948 पर्यंत आपलं गाव हैदराबाद संस्थानात होतं. आणि गोदावरी तर दोघींचीही.

त्यानंतर मी थोडं वाचलं, कारण मला जाणून घ्यायचं होतं की आपल्या भाषेत ही गोष्ट आधी कुणी कशी सांगितली. फादर थॉमस स्टीफन्स नावाचे इंग्रज जेझुइट 1579 साली गोव्यात आले. त्या वेळी आपले नाथ इथे पैठणात हयात होते. पाचच वर्षांनी, 1584 साली, त्यांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. स्टीफन्स आधी मराठी शिकले, आणि मग त्यांनी 'ख्रिस्तपुराण' लिहिलं, जवळजवळ अकरा हजार ओव्यांचं. ते 1616 साली छापलं गेलं. ज्या ओवीत नाथांनी भागवत सांगितलं, त्याच ओवीत या परदेशी माणसानं येशू सांगितला. म्हणजे सांगायला येणाऱ्यानं आधी विद्यार्थी व्हायचं असतं. मी "गोदारी"च्या पुढे एक शब्दही शिकले नव्हते.

दुसऱ्या पंडिता रमाबाई. 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणि 1900 साली गुजरातेतून त्यांनी अनाथ मुली केडगावला आणल्या. हिंदी बोलणाऱ्या, गुजराती बोलणाऱ्या, भुकेनं अर्धमेल्या. त्यांच्याशी पहिली भाषा भाकरीचीच असणार. त्याच रमाबाईंनी पुढे हिब्रू आणि ग्रीक शिकून सगळं बायबल मराठीत आणलं. ते त्यांच्या मृत्यूनंतर, 1924 साली प्रसिद्ध झालं. पण त्यांच्याबद्दलचा एक प्रसंग मला जास्त जवळचा वाटला. पुण्यात शारदा सदन असताना त्या आपल्या खोलीत प्रार्थना करत आणि खोलीचं दार उघडं असे. काही मुली आपणहून येऊन बसत. त्यावरून 1893 मध्ये मोठा गदारोळ झाला आणि बऱ्याच पालकांनी मुली काढून नेल्या. ते पालक माझ्या लेखी खलनायक नाहीत. चिन्नीच्या आईचा चेहरा पाहिल्यापासून मला त्यांची भीती कळते. आणि रमाबाईही कळतात. आपल्याच घरात प्रार्थनेला दार लावून बसायचं, हे त्यांना जमण्यासारखं नव्हतं.

मला वाटतं, दार उघडं ठेवायचं आणि कुणाचा हात धरून आत ओढायचं नाही. पाहुणं लेकरू असेल, तर त्याच्या आईलाही त्या दारातून दिसलं पाहिजे, आत काय चाललंय ते. आणि आत काय आहे असं तिनं विचारलं, तर "काही नाही" म्हणायचं नाही.

चिन्नीचे वडील काम संपल्यावर दुसरीकडे गेले. ती माणसं होती तशीच आहेत, आम्हीही. नाताळला तिच्या आईचा फोन येतो. मी तेलुगू थोडं थोडं शिकतेय. मागच्या वेळी चिन्नीशी दोन वाक्यं बोलले, तर ती खूप हसली. अण्णा आता गव्हाण मांडली की मफलरचं टोक बाळावर टाकतात आणि म्हणतात, "पापम्."

सर, बाई, तुम्ही आम्हाला याच शाळेत शिकवलं की उत्तर लिहिण्याआधी प्रश्न नीट वाचा. मला ते चाळिशीनंतर, एका सहा वर्षांच्या मुलीकडून पुन्हा शिकावं लागलं.