सरोवरावरील रात्रीचे मेघ

श्रोत्यांपैकी ज्यांनी समुद्रकिनाऱ्यावर काही दिवस काढले आहेत, त्यांना खारे वारे आणि मतलई वारे यांची ओळख करून देण्याची आवश्यकता नाही. दिवसा वारा पाण्याकडून जमिनीकडे वाहतो. रात्री तो जमिनीकडून पाण्याकडे वळतो. या अदलाबदलीतून मेघ कसे जन्मास येतात, हे पूर्व आफ्रिकेतील व्हिक्टोरिया सरोवरावर फार स्पष्टपणे पाहावयास मिळते. युगांडा, केनिया व टांझानिया या देशांमध्ये पसरलेल्या या सरोवराचे क्षेत्रफळ सुमारे ६८,८०० चौरस किलोमीटर असून विषुववृत्त त्यावरूनच जाते.

जमीन लवकर तापते आणि लवकर निवते. पाण्याचे तसे नाही. तेवढ्याच वजनाच्या कोरड्या मातीपेक्षा पाणी तापण्यास कितीतरी अधिक उष्णता लागते. शिवाय सूर्यकिरण पाण्यात खोलवर शिरतात व लाटांच्या घुसळणीने ती उष्णता खाली पसरते. म्हणून दुपारी काठची जमीन सरोवराहून उष्ण होते. तिच्यावरील हवा हलकी होऊन वर चढते आणि तिची जागा सरोवरावरची दमट हवा घेते. वर जाताना ही हवा प्रसरण पावून थंड होते व तिच्यातील बाष्पाचे सूक्ष्म जलबिंदू बनतात. हेच मेघ होत. अशा वेळी काठाभोवती मेघांचे कडे आणि मधोमध निरभ्र पाणी, असे दृश्य उपग्रहांच्या छायाचित्रांत दिसते.

सूर्यास्तानंतर चित्र पालटते. जमीन निवते, पाणी मात्र उबदार राहते. चोहो काठांवरून निघालेले वारे सरोवरावर येऊन एकमेकांस भिडतात; तेथील उष्ण, दमट हवेला वर जाण्यावाचून वाट उरत नाही. उत्तररात्री तेथे गडगडाटी मेघ उभे राहतात.

नेमक्या याच वेळी ‘दागा’ नावाची लहान मासळी धरण्यासाठी कोळी दिवे लावलेल्या होड्या घेऊन सरोवरात असतात. ते निघाले तेव्हा आकाश स्वच्छ असते. परंतु सायंकाळचे स्वच्छ आकाश ही येथे सुरक्षिततेची ग्वाही नव्हे. या वादळांत अनेकांनी प्राण गमावले आहेत. दुपारी भोवतालच्या जमिनीवर उठलेल्या वादळांवरून रात्रीच्या संकटाचा अंदाज बांधता येतो, असे संशोधनाने दाखवून दिले आहे. मात्र हे ज्ञान कोळ्याच्या उपयोगी पडावयाचे असेल, तर होडी पाण्यात लोटण्यापूर्वीच ते त्याच्या कानी पोहोचले पाहिजे.