तालीम : शब्द एक, अर्थ दोन
(पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



उर्दूत 'तालीम' म्हणजे शिक्षण, हे तुम्हांला ठाऊक आहे. पण पोलादपूरहून आंबेनळी घाट चढून पलीकडे सातारा-कोल्हापूरकडे गेलात आणि तालमीची वाट विचारलीत, तर लोक कुस्तीचा आखाडा दाखवतील. तेथील गुरू 'वस्ताद', म्हणजे आपला 'उस्ताद'च. शब्द एक असूनही आपण अर्थांची फारकत केली. 'मुलगा कुस्तीला लागला, म्हणजे अभ्यासातून गेला' असे महाडात काय किंवा पोलादपुरात काय, सर्रास ऐकू येते. ही समजूत खरी आहे काय?

राजर्षी शाहू महाराजांना ती मान्य नव्हती. १९०६ साली त्यांच्या पुढाकाराने कोल्हापुरात मुसलमान विद्यार्थ्यांच्या शिक्षणाची संस्था निघाली, आणि १९१२ साली त्यांनीच खासबागेचे कुस्ती मैदान उभे केले. पाटी आणि लाल माती, दोन्हींना एकाच राजाचा आश्रय होता.

त्याच कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात कराडजवळील गोळेश्वरचे खाशाबा जाधव शिकत होते. चण लहान, म्हणून क्रीडाशिक्षकांनी त्यांना कॉलेजच्या स्पर्धेत घेतले नाही. खाशाबा थेट प्राचार्य खर्डेकरांकडे गेले. प्राचार्यांनी संधी दिली आणि या मुलाने आपल्याहून थोराड गडी चीत केले. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये मातीऐवजी गादी होती, नियम परके होते. तरी रीस गार्डनर या अमेरिकन प्रशिक्षकाच्या हाताखाली ते सहावे आले. १९५२ साली हेलसिंकीला जाण्यास पैसे नव्हते, तेव्हा खर्डेकरांनी स्वतःचे घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. पुढे १९५५ मध्ये ते पोलीस खात्यात उपनिरीक्षक झाले. अभ्यासातून गेलेल्या मुलाची ही कहाणी आहे काय, तुम्हीच सांगा.

वस्तादाचे मोलही पाहा. हरिश्चंद्र बिराजदारांनी १९७० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले. पुढे पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत त्यांनी मुले घडवली. काका पवार त्यांचे शिष्य. राहुल आवारेही त्यांच्याच हाताखाली वाढला आणि २०११ साली बिराजदार गेल्यावर त्याला काका पवारांनी सांभाळले. २०१९ मध्ये राहुलने जागतिक स्पर्धेत कांस्य मिळवले. वस्ताद जातो, विद्या राहते.

म्हणून माझी विनंती आहे. आपल्या भागातील कॉलेजात कुस्तीचा विभाग सुरू व्हावा आणि तो एखाद्या अनुभवी, वयस्क वस्तादाच्या हाती द्यावा. आपल्याकडचा पाऊस मुसळधार, तेव्हा हौदावर पक्के छप्पर हवे. माती चाळून, तेल, ताक, हळद घालून मऊ करावी. जोडीला एक गादी असावी, कारण पुढच्या स्पर्धा गादीवरच होतात. आरंभी पाच-सहाच मुले घ्यावीत. पहिले वर्षभर जोर, बैठका, मान बळकट करणे आणि इजा न होता पडायला शिकणे, एवढेच. फडाची घाई नको. वस्ताद आणि वर्गशिक्षक यांनी आठवड्यातून एकदा एकत्र बसावे; ज्याचा अभ्यास मागे पडला, त्याने आधी तो भरून काढावा.

पालकहो, तुमच्यापैकी अनेक घरांतील कर्ता पुरुष मुंबईत किंवा आखाती देशांत आहे. घरी राहिलेल्या मुलाला संध्याकाळी 'कुठे होतास?' असे विचारणारे वडीलधारे माणूस लागते. चांगला वस्ताद हेच काम करतो. पहाटे उठवतो, जेवणाची चौकशी करतो, व्यसनाची सावली पडू देत नाही. आणि मुलींनाही यात जागा हवी. २०२३ साली सांगलीची प्रतीक्षा बागडी पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली.

विद्यार्थी मित्रांनो, पदक सर्वांनाच मिळणार नाही. पण चीत झाल्यावर माती झटकून उठणे आणि जिंकल्यावर समोरच्याचा हात धरणे, हे प्रत्येकाला शिकता येईल. तेही शिक्षणच आहे. खर्डेकरांसारखे घर गहाण ठेवा, असे मी कोणालाही म्हणत नाही. प्रत्येक घराने आपल्या ऐपतीप्रमाणे एक घमेले मातीचा भार उचलावा, एवढेच मागणे आहे.