मेंदूचे दुखणे आणि घरातली बाई
(मंडळाच्या वर्धापनदिनी माधवनगर येथे केलेले भाषण)



वर्धापनदिनाला गाणारी बाई बोलवावी, कीर्तन ठेवावे, निदान पाककृती सांगणारे कोणी आणावे. मेंदूचा डॉक्टर बोलावला म्हणजे माणसे थोडी दचकतात. माझ्याकडे कोणी निघाले की शेजारीण हळूच विचारते, "डोक्याच्या डॉक्टरकडे का हो नेता?" म्हणून आधीच सांगतो, मनाचे आजार पाहणारे डॉक्टर निराळे आणि मेंदू व मज्जातंतू पाहणारे निराळे. लाज मात्र दोन्हीकडे जाण्यात नाही.

तुमच्या कार्यवाहबाईंनी मला बजावले होते की, डॉक्टर, घाबरवू नका आणि कठीण शब्द वापरू नका. दुसरी अट पाळीन. पहिलीबद्दल वचन देत नाही, कारण काही गोष्टींना घाबरलेलेच बरे.

त्यांतली पहिली अर्धांगवायूची. आपल्याकडे म्हणतात, "अंगावरून वारं गेलं." शब्द इतका रुळला आहे की ऐकणाऱ्याला खरेच वाऱ्याची झुळूक लागून हातपाय लुळे पडले असे वाटते. मग दारे-खिडक्या लावा, गरम तेल चोळा, आणि कोणी सांगितलेच तर पारव्याचे रक्त चोळा, असे सुरू होते. यात वाऱ्याचा काही संबंध नाही. मेंदूला रक्त नेणारी नळी तुंबते किंवा फुटते. दहांतल्या आठांहून अधिक रुग्णांत ती तुंबलेली असते, बाकीच्यांत फुटलेली. बाहेरून पाहून दोन्हींतला फरक मलाही सांगता येत नाही. तो सी. टी. स्कॅननेच कळतो. म्हणूनच रुग्णाच्या जिभेखाली घरातली एखादी गोळी सरकवून देणे धोक्याचे. नळी फुटलेली असेल तर रक्त पातळ करणारी गोळी घात करते.

नळी तुंबली असेल तर गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन आहे. ते तीन तासांच्या आत दिल्यास उपयोगी पडते हे अमेरिकेत १९९५ साली सिद्ध झाले. पुढे २००८ साली युरोपातल्या अभ्यासाने ही मुदत साडेचार तासांपर्यंत नेली. निवडक रुग्णांत त्यानंतरही तारेने गुठळी ओढून काढता येते, पण ती सोय मोजक्याच ठिकाणी असते. डॉ. सेव्हर यांनी २००६ साली हिशेब मांडला आहे की, मोठी नळी तुंबली तर दर मिनिटाला मेंदूच्या सुमारे १९ लाख पेशी मरतात. तेल गरम व्हायला किती मिनिटे लागतात ते तुम्हीच मोजा.

हे साडेचार तास कोठून धरायचे? माणूस शेवटचा धडधाकट दिसला तेथून. सकाळी सहाला मामंजी उठले आणि त्यांचा हात उचलेना, तर आम्ही विचारतो, रात्री पाणी प्यायला उठले होते का? तेव्हा नीट बोलले होते का? या प्रश्नांची उत्तरे बहुधा घरातल्या बाईलाच ठाऊक असतात. म्हणून रुग्णाबरोबर गाडीत तिने बसावे. चार पुरुष बसतात, आणि कोणालाच काही सांगता येत नाही!

ओळखायचे कसे? हसायला सांगा, तोंड एका बाजूला ओढले जाते का पाहा. दोन्ही हात समोर धरायला सांगा, एक खाली पडतो का पाहा. एखादे साधे वाक्य म्हणायला सांगा. यांतले एकही चुकले तर चहा नको, पाणी नको, ठसका लागून ते फुप्फुसात जाते. १०८ ला फोन करा. ही गाडी महाराष्ट्रात २०१४ पासून आहे. आणि दहा मिनिटांत हात पुन्हा चालू लागला तरीही न्या. असा येऊन गेलेला झटका पुष्कळदा मोठ्या झटक्याची आगाऊ सूचना असते.

सांगली तुम्हाला हाकेच्या अंतरावर आहे आणि मिरज त्याच्या पुढे. तिथे वॉन्लेस साहेबांनी १८९४ साली रुग्णालय काढले, १९६२ साली सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आले. इतक्या जवळ इतकी सोय थोड्याच गावांना लाभते. पण रात्री दोन वाजता स्कॅन आणि हे इंजेक्शन दोन्ही कोठे मिळते, हे तुमच्यापैकी किती जणींना सांगता येईल? मंडळाने एकदा फिरून ही चौकशी करावी आणि कागद छापून घरोघर फोनच्या शेजारी चिकटवावा. हे काम हळदीकुंकवाच्या वाणापेक्षा स्वस्तात होईल.

आणखी एक पाहिले आहे. पुरुषाचा हात लुळा पडला तर तासाभरात गाडी दारात येते. बाईचा पडला तर ती स्वतःच म्हणते, "पोरगा पाळी संपवून येऊ दे, सकाळी बघू." अशा किती तरी सकाळी मी पाहिल्या आहेत.

आता जे सांगायला मी मुद्दाम आलो ते सांगतो. अर्धांगवायू म्हटले की म्हातारी माणसे डोळ्यांपुढे येतात. पण तरण्या बायकांचा एक निराळा विकार आहे. मेंदूकडून रक्त परत नेणाऱ्या शिरांत गुठळी होते. चार-पाच दिवस वाढत जाणारी डोकेदुखी, उलट्या, दृष्टी अंधुक होणे, आणि मग फिट किंवा एका अंगाची शक्ती जाणे, असा त्याचा क्रम.

तो येतो दोन प्रसंगी. पहिला बाळंतपणानंतर. प्रसूतीत फार रक्त जाऊ नये म्हणून गरोदरपणापासून रक्तात गोठण्याचा गुण वाढतो आणि बाळंतपणानंतर सुमारे सहा आठवडे तो टिकतो. ही निसर्गाची तजवीज आहे. त्यात आपण काय करतो? बाळंतिणीला पाणी कमी देतो. "पोट सुटेल, बाळाला सर्दी होईल" म्हणून तिला कोंदट खोलीत, शेक-धुरीच्या उबेत, तहानलेली ठेवतो. अंगात रक्त कमी असेल तर धोका आणखी वाढतो. डिंकाच्या लाडवांबद्दल माझी तक्रार नाही. अळीव, खसखस, जे द्यायचे ते द्या. माझी तक्रार तांब्याबद्दल आहे. बाळंतिणीच्या उशाशी पाण्याचा भरलेला तांब्या हवा, आणि तिने मागितल्यावर नव्हे, आपण होऊन भरायला हवा. बाळंतपणानंतर डोके सारखे दुखत असेल तर "बाहेरची बाधा" किंवा "जागरण" असे म्हणून दिवस घालवू नका.

दुसरा प्रसंग सणाचा. श्रावण लागला की औषधांच्या दुकानांतून पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्यांचा खप वाढतो. चिठ्ठी कोणी विचारत नाही, जाऊबाईंनी घेतली म्हणून आपण घ्यायची. हरतालिकेचा निर्जळी उपवास, दुसऱ्या दिवशी गणपती, पाठोपाठ गौरी, रात्री जागरण, दिवसा चुलीपुढे पुरणाचा घाट. अंगातले पाणी आटलेले आणि वर ती गोळी. गर्भनिरोधक गोळ्यांतल्या इस्ट्रोजेनमुळे शिरांत गुठळी होण्याचा धोका वाढतो हे पक्के ठाऊक आहे. पाळी लांबवण्याची नेहमीची जी गोळी आहे तिचाही थोडा अंश शरीरात तसाच बदलतो. बहुतेकींना काही होत नाही, हे खरे. ज्या एखादीला होते तिच्या घरी पुढचे कित्येक सण तसेच जातात.

एका वर्षी गौरीविसर्जनाच्या संध्याकाळी अठ्ठावीस वर्षांची एक सून माझ्याकडे आणली. डोके चार दिवस दुखत होते. घर पाहुण्यांनी भरलेले, तेव्हा सांगणार कोणाला? गौरी जेवल्या, आणि भांडी घासताना तिला फिट आली. रक्त पातळ करण्याची इंजेक्शने वेळेवर सुरू झाली, ती पुरती बरी झाली. निघताना सासूबाई मला म्हणाल्या, "डॉक्टर, गोळी मीच आणून दिली होती हो." त्यांना मी काय बोलणार? त्यांनी जे केले ते घरोघर चालते.

पाळीचा गौरीला विटाळ होतो की नाही हा माझा प्रांत नव्हे. माझे मत आहे, पण ते तुम्ही ओळखलेच असेल. गोळी घ्यायचीच असेल तर डॉक्टरांना विचारून घ्या. आधी कधी गुठळी झाली असेल, घरात कोणाला झाली असेल, नुकतेच बाळंतपण झाले असेल, किंवा डोळ्यांपुढे चमकणाऱ्या रेघा येऊन अर्धशिशी उठत असेल, तर ते त्यांना आवर्जून सांगा. आणि ती गोळी चालू असताना निर्जळी उपवास करू नका.

फेफऱ्याकडे वळतो. फिट आली की कांदा हुंगवतात, चप्पल नाकाशी धरतात, मुठीत किल्ल्या देतात, दातांत चमचा घालतात. फिट बहुधा दोन-तीन मिनिटांत आपली आपण थांबते आणि श्रेय चपलेला मिळते. चमच्याने मात्र दात पडतात. माणसाला कुशीवर वळवा, भोवतालची टोकदार वस्तू दूर करा, घड्याळ पाहा. पाच मिनिटांत थांबली नाही, किंवा एक थांबून लगेच दुसरी आली, तर रुग्णालय.

आपल्याकडच्या पुष्कळ फिटांचे एक कारण ऐकून काही जणींना राग येतो. डुकराच्या मांसातून येणाऱ्या पट्टकृमीची अंडी. "आम्ही तर शाकाहारी!" बरोबर, पण ज्याच्या पोटात तो जंत आहे त्याच्या विष्ठेतून अंडी बाहेर पडतात, आणि सांडपाण्यावर वाढलेल्या कोथिंबिरीबरोबर किंवा न धुतलेल्या हातांनी ती कोणाच्याही ताटात येतात. पुढे मेंदूत त्यांची गाठ होते. तिच्यावर औषध आहे. पण कोशिंबिरीची भाजी वाहत्या पाण्याखाली नीट धुणे त्याहून सोपे.

खरा प्रश्न मुलीच्या लग्नाचा. हिंदू विवाह कायद्यात १९७६ साली दुरुस्ती होऊन वारंवार अपस्माराचे झटके येणारी व्यक्ती विवाहास अपात्र ठरली होती. तो शब्द १९९९ साली कायद्यातून काढला गेला. आज कायद्याची आडकाठी नाही. माणसांची आहे. म्हणून आई दुखणे लपवते आणि मुलीला बजावते, "सासरी गोळ्या कोणाला दिसू देऊ नकोस." मुलगी गोळ्या लपवते, मग चुकवते, मग सोडते. एकदम औषध सोडले की फिट हमखास येण्यासारखी स्थिती होते, आणि ती पुष्कळदा नव्या घरात, सगळ्यांदेखत येते. दहांतल्या सुमारे सात जणांच्या फिटा नेमाने औषध घेतल्यास आटोक्यात राहतात. मग लपवायचे ते काय? ठरवतानाच सांगा. ऐकून जे उठून जातील ते नंतर कळल्यावर आणखी वाईट वागले असते. पुण्यात 'संवेदना' हा अशा रुग्णांचा व कुटुंबीयांचा गट आहे, तेथे समदुःखी माणसे भेटतात.

एक औषधाचीही गोष्ट. सोडियम व्हॅल्प्रोएट हे फिटांवरचे चांगले औषध, पण गरोदरपणी ते गर्भाच्या पाठीच्या कण्याला आणि बुद्धीला अपाय करू शकते. लग्न ठरले की डॉक्टरांकडे या, औषध बदलता येते. फॉलिक अ‍ॅसिड दिवस राहण्याआधीच सुरू करावे लागते. आता दुखणेच लपवले असेल तर ही मुलगी कोणाबरोबर आणि काय सांगून यायची?

मुंग्यांबद्दल थोडक्यात. रात्री हात बधिर होऊन जाग येते, झटकला की बरे वाटते, अंगठा व शेजारच्या दोन-अडीच बोटांत मुंग्या, करंगळी मोकळी, अशी तक्रार असेल तर मनगटात नस दबते आहे असे समजा. पोळ्या लाटणाऱ्या, धुणे पिळणाऱ्या, मागाच्या कांड्या भरणाऱ्या बायकांत हे नेहमीचे. रात्री मनगटाला आधाराचा पट्टा बांधावा, थायरॉइड आणि साखर तपासावी. तळपायांची आग आणि बधिरता असेल तर मधुमेह किंवा बी-१२ ची उणीव पाहावी. हे जीवनसत्त्व वनस्पतींत नाही, आणि घरातले दूध मुलांना, दही मामंजींना आणि ताकाची निवळी स्वतःला असा हिशेब असलेल्या बाईत ते कमी न भरले तरच नवल. अंगावर न कळणारा, फिकट, बधिर चट्टा असेल तर तोही दाखवा. कुष्ठरोग हा मज्जातंतूंचाच रोग आहे. मिरजेच्या रिचर्डसन रुग्णालयाने त्या रुग्णांची पिढ्यान्‌पिढ्या सेवा केली आहे. बहुविध औषधांचा उपचार १९८२ पासून आहे, तो फुकट मिळतो आणि रोग पुरता बरा होतो.

विस्मरणाबद्दल विचारणाऱ्या चिठ्ठ्या पुष्कळ आल्या आहेत. गॅस बंद केला की नाही हे आठवेना, हे विस्मरण नव्हे, ती चार कामे एकदम करण्याची शिक्षा आहे. गॅस कसा बंद करतात हेच उमजेना, रोजच्या वाटेवर घर सापडेना, तर दाखवायला हवे. अशांतही थायरॉइड, बी-१२, उदासी ही भरून येणारी कारणे आधी शोधतात. म्हातारे माणूस न्हाणीघरात घसरले आणि महिन्याने झोपाळू, गोंधळलेले दिसू लागले, तर डोक्यात हळूहळू रक्त साठलेले असू शकते. ते काढले की माणूस पूर्वीसारखे होते. "वयच झालं" म्हणून ते तसेच राहू देऊ नका.

शेवटची चिठ्ठी : "दर गुरुवारी उपवासाला माझी अर्धशिशी उठते. गोळी घेते. रोज घेतली तर चालेल का?" नाही, बाई. पोट रिकामे राहिले की अर्धशिशी उठते, तेव्हा उपवास दूध-फळांचा करा आणि वेळेवर खा. वेदनाशामक गोळी महिन्यातून दहा दिवसांहून अधिक लागू लागली की पुढे ती गोळीच डोके दुखवते. तसे झाले असेल तर अर्धशिशी येऊच नये म्हणून रोज घेण्याची औषधे निराळी असतात, त्यासाठी गुरुवार सोडून कोणत्याही दिवशी या. गुरुवारी माझा दवाखाना बंद असतो.